पायथनच्या कोडला ब्लॅक फॉर्मॅटर कसा लावायचा: इन्स्टॉलपासून रोजच्या वापरापर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या वजनाच्या आणि बिलाच्या स्क्रिप्ट आम्ही दोघं मिळून सांभाळतोय, मी शहापूरचा आणि जोडीदार गोकाकचा. त्याच्या कमेंटा कानडीत, माझ्या मराठीत, व्हेरिएबलची नावं कधी वजन कधी तूक (कानडीत वजनच), ते सगळं चालून गेलं, त्यावरनं कधी वाद झाला नाही. वाद झाला तो स्पेसवरनं. तो बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला जागा सोडायचा, मी सोडायचो नाही, त्याला सिंगल कोट आवडायचे मला डबल, आणि दर दोन दिवसांनी "अरे माझी ओळ का हलवलास?" म्हणून फोन. शेवटी ब्लॅक बसवलं आणि तो विषयच संपला. कसं बसवायचं, कुठं अडकायला होतंय, आणि मी पहिल्याच महिन्यात काय घोळ घातला ते सगळं खाली सांगतो. मी देवनागरी कीबोर्डवर लिहितोय म्हणून कमांडपण देवनागरीतच आहेत, तुम्ही टाईप करताना इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं, आणि जिथं डॅश म्हटलंय तिथं चिन्ह टाकायचं, तेवढं समजून घ्या.

आधी हे टूल करतं काय ते बघू. आपण लिहिलेला कोड ते वाचतं आणि अर्थ तोच ठेवून परत एका ठरलेल्या पद्धतीनं लिहून काढतं. समजा ओळ अशी आहे (खऱ्या फाईलीत नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, इथं कळायला सोपं म्हणून अशी घेतलीत):

`एकूण=वजन*दर+मजुरी`

ब्लॅक चालवल्यावर ती अशी होते:

`एकूण = वजन * दर + मजुरी`

एवढंच. गणित तेच, फक्त श्वास घ्यायला जागा. याच्या जोडीला सिंगल कोटचे डबल करतं, दोन फंक्शनमध्ये दोन ओळी रिकाम्या सोडतं, ओळीच्या शेवटची फालतू स्पेस काढतं, आणि ओळ 88 अक्षरांच्या पुढं गेली की कंसाच्या आत तोडून खाली घेतं. तुमच्या व्हेरिएबलचं नाव बदलत नाही, लॉजिकला हात लावत नाही, चूक असेल तर चूकही नीटनेटकी करून ठेवतं. कमेंटमधल्या मजकुराला पण हात लावत नाही, हॅशच्या चिन्हानंतर जागा नसेल तर एक स्पेस देतं आणि पुढं मराठी असो का कानडी, जसंच्या तसं ठेवतं. म्हणजे सीमाप्रश्न काय त्याच्यानं सुटणार नाही.

"पण कोड बिघडला तर?" ही भीती मलापण होती. ब्लॅक लिहून झाल्यावर जुन्या आणि नव्या कोडचं व्याकरणाचं झाड काढून दोन्ही जुळतात का ते स्वतःच तपासतं, जुळलं नाही तर फाईल सेव्ह न करता एरर देऊन थांबतं. फास्ट नावाचा एक ऑप्शन दिला तर ही तपासणी टाळता येते, पण दोनचार सेकंद वाचवायला कशाला असला उद्योग.

दुसरी कुठली टूलं नाहीत असं नाही, पण ब्लॅक आम्ही घेतलं ते त्याच्यात ऑप्शन जवळजवळ नाहीतच म्हणून. लूकाश लांगा नावाच्या पायथनच्या कोअर डेव्हलपरनं 2018 साली ते काढलं, आणि नाव आलंय हेन्री फोर्डच्या त्या जुन्या बोलण्यावरनं, गाडी कुठल्याही रंगात घ्या फक्त रंग काळा पाहिजे. ऑप्शन जास्त असले की भांडण स्पेसवरनं उठून सेटिंगवर जातं, हे आमच्यासारख्या दोन हट्टी माणसांना चांगलंच माहीत आहे.

आता इन्स्टॉल. विंडोजवर पायथन नसेल तर आधी पायथनच्या अधिकृत साईटवरनं घ्या, आणि इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत खाली पाथमध्ये ॲड करा अशी एक चौकट असते त्यावर टिक करायला विसरू नका, निम्म्या पोरांचं इथंच अडकतं आणि मग "कमांड सापडत नाही" म्हणून फोन येतो. पायथन झालं की प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी वेगळं एन्व्हायरन्मेंट, म्हणजे या प्रोजेक्टपुरती पॅकेजं ठेवायची वेगळी जागा, करा: `पायथन डॅश-एम वेनव्ह डॉट-वेनव्ह`. मग त्या फोल्डरातल्या स्क्रिप्ट्समधली ॲक्टिव्हेट नावाची फाईल चालवा. पॉवरशेलमध्ये हे करताना कधीकधी लाल अक्षरात "स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही" असं येतं, तेव्हा पॉलिसी बदलत बसण्यापेक्षा साधा काळा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथं चालतंय. ओळीच्या सुरवातीला कंसात वेनव्ह दिसायला लागलं की समजा आत आलो. आता `पिप इन्स्टॉल ब्लॅक` (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं टूल), आणि झालं की `ब्लॅक डॅश-डॅश-व्हर्जन` टाकून आकडा येतो का बघा. तो आकडा कुठंतरी लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

उबंटूवाल्यांना अजून एक भानगड आहे. 23.04 पासनं पुढच्या उबंटूवर थेट पिपनं इन्स्टॉल करायला गेलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट" असा एरर येतो, डेबियन 12 वर पण तसंच. तो एरर बरोबर आहे ओ, सिस्टीमचं पायथन बिघडू नये म्हणून दिलाय. त्याला जबरदस्तीनं मोडायचा ऑप्शन इंटरनेटवर सापडेल, तो वापरू नका, वरच्यासारखं वेनव्ह करा. वेनव्हच चालत नसेल तर ॲप्टनं (उबंटूचं स्वतःचं इन्स्टॉल करायचं टूल) पायथन3-वेनव्ह हे पॅकेज आधी टाकावं लागतं. सगळ्या प्रोजेक्टला एकच ब्लॅक पाहिजे असेल तर पिपएक्स नावाच्या टूलनं पण टाकता येतंय.

फौंड्रीतल्या कॉम्प्युटरला नेटच नाही, आणि जून-जुलैत पाऊस लागला की मोबाईलचं हॉटस्पॉट पण रडतं, म्हणून तिथं मी पेनड्राईव्हवरनं नेलं. घरी `पिप डाऊनलोड ब्लॅक` केलं की ब्लॅक आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजं फाईलींच्या रूपात खाली येतात, त्या पेनड्राईव्हवर टाकायच्या, आणि तिकडं `पिप इन्स्टॉल डॅश-डॅश-नो-इंडेक्स डॅश-डॅश-फाईंड-लिंक्स`, पुढं पेनड्राईव्हच्या फोल्डरचा पत्ता, आणि शेवटी ब्लॅक. फक्त एक बघा, दोन्हीकडं विंडोज तर विंडोज आणि पायथनचं व्हर्जनपण तेच पाहिजे, कारण ब्लॅकच्या फाईली त्या त्या सिस्टीमसाठी कंपाईल केलेल्या असतात. पहिल्या खेपेला मी घरच्या लिनक्सवरनं डाऊनलोड करून विंडोजवर नेलं होतं, स्कूटरवरनं एक हेलपाटा फुकट.

चालवताना लगेच फाईली बदलायला जाऊ नका. आधी `ब्लॅक डॅश-डॅश-चेक डॉट`. शेवटच्या डॉटचा अर्थ आपण आहोत तो फोल्डर. हे काहीच बदलत नाही, फक्त कुठल्या फाईली बदलल्या असत्या ते सांगतं. सगळं ठीक असेल तर "ऑल डन" म्हणून केकचं चित्र येतं, नसेल तर "ओ नो" म्हणून तुटलेलं बदाम. आमच्याकडं पहिल्या दिवशी बदामच आलं. नेमकं काय बदलणार आहे ते बघायचं असेल तर चेकच्या जागी डिफ लिहा, जुनी ओळ वजाच्या चिन्हानं आणि नवी अधिकच्या चिन्हानं दिसते. वेनव्हच्या फोल्डरमध्ये किंवा गिटइग्नोअरमध्ये (गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्यानं सोडून द्यायच्या फाईलींची ही यादी) लिहिलेल्या फाईलींत ब्लॅक तोंड घालत नाही, त्यामुळं त्याची काळजी नको.

इथं काही फाईलींवर "कॅनॉट फॉरमॅट, कॅनॉट पार्स" असं येईल, आणि त्याच्यापुढं ओळीचा नंबर असेल. माझ्या बघण्यात याची दोन कारणं जास्त. एक म्हणजे जुना पायथन 2 चा कोड, प्रिंटच्या पुढं कंस नाही. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला तरी आपल्याकडं कॉलेजच्या झेरॉक्स नोट्समध्ये तो अजून जिवंत आहे, आणि व्हीटीयूच्या (इथल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या) पोरांच्या प्रोजेक्टमध्ये सीनियरकडनं वारशानं आलेल्या फाईली असतातच. तिथं कंस हातानंच घालायचे. दुसरं कारण टॅब आणि स्पेसची भेसळ. जोडीदार नोटपॅडमध्ये टॅब मारायचा, मी चार स्पेस द्यायचो, डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं पण पायथन 3 ला ते चालत नाही आणि ब्लॅकपण अशा फाईलीवर हात टेकतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून "कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस" शोधा, ते चालवा, मग प्रत्येक इफच्या खालच्या ओळी आहेत त्याच खाली राहिल्या का ते डोळ्यानं एकदा बघा. हे बघणं टाळू नका, कारण इथं अर्थ बदलू शकतो आणि ते ब्लॅक तुम्हाला सांगणार नाही.

आता माझा घोळ. महिनाअखेर होती, बिलाच्या फाईलीत राऊंड करायचं थोडं बदलायचं होतं, ते बदललं आणि त्याच झपाट्यात त्याच फाईलीवर ब्लॅकपण चालवलं आणि दोन्ही मिळून एकच कमिट, म्हणजे गिटमधली बदलांची एक नोंद, केलं. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतल्या काकांचा फोन, "अरे, हे 38 रुपये कुठनं आले?" साडेबारा किलोच्या वर एक नग, 12.6 किलो, दर 95, म्हणजे 1197 व्हायला पाहिजेत, बिलात 1235. डिफ उघडून बघतोय तर सगळी फाईल लाल-हिरवी, शंभरावर ओळी नुसत्या स्पेसच्या. दोन तास डोळे फोडले तेव्हा ही सापडली. आधी होती:

`रक्कम=राऊंड(वजन*दर)`

नंतर:

`रक्कम = राऊंड(वजन) * दर`

कंस मीच चुकीच्या जागी बंद केलेला. ब्लॅकचा काही दोष नाही, त्यानं माझी चूक फक्त सुंदर करून दिली, 12.6 चे आधी 13 झाले आणि मग 95 नं गुणलं. पण स्पेसच्या गर्दीत ती लपली ती त्या एकत्र कमिटमुळं. काकांनी चहाबरोबर कुंदा पुढं केला म्हणून निभावलं, पण ते 38 रुपये ते अजून काढतात.

म्हणून पहिल्यांदा सगळ्या कोडवर ब्लॅक चालवाल तेव्हा ते एकटंच करा. आधी जोडीदाराला सांगा की तुझं अर्धवट काम आहे ते कमिट करून पुश कर, नाहीतर दोघांचे बदल एकत्र, म्हणजे मर्ज, करताना दोघं पण रडाल. कामाचं सगळं कमिट झालंय बघा, मग `ब्लॅक डॉट`, मग प्रोग्रॅम चालवून एकदोन जुनी बिलं काढून आकडे तेच येतात का बघा, आणि मग "फक्त फॉरमॅटिंग" असा मेसेज देऊन वेगळं कमिट. नंतर कधी शंका आलीच तर `गिट डिफ डॅश-डब्ल्यू` नं नुसत्या स्पेसचे बदल लपवता येतात, तुटलेल्या ओळी तेवढ्या तरीपण दिसतातच.

या मोठ्या कमिटमुळं अजून एक त्रास होतो. गिट ब्लेम करून ही ओळ कुणी लिहिली बघायला गेलं की सगळीकडं फॉरमॅट करणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव. जोडीदाराला हे फार आवडलं, त्याच्या सगळ्या चुका माझ्या नावावर. त्याला उपाय आहे: प्रोजेक्टच्या मुळाशी `डॉट-गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज` नावाची फाईल करा, तिच्यात त्या कमिटचा पूर्ण 40 अक्षरी नंबर टाका, आणि गिट कॉन्फिगमध्ये `ब्लेम डॉट इग्नोअर-रेव्ह्ज-फाईल` ला त्या फाईलीचं नाव द्या. ऑगस्ट 2019 च्या गिट 2.23 पासनं हे चालतं. गिटहबवर फाईलीचं नाव अगदी हेच ठेवलं तर तिथंपण ती आपोआप लागू होते. कॉन्फिगची ओळ मात्र प्रत्येकानं आपापल्या मशीनवर द्यायला लागते.

सेटिंग थोडीच आहेत आणि ती पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाईलीत जातात. चौकोनी कंसात `[टूल.ब्लॅक]` आणि खाली `लाईन-लेंग्थ = 100` असं काही. आम्ही 88 च ठेवलंय. पायथनच्या पेप 8 या स्टाईलच्या जुन्या नियमावलीत 79 सांगितलंय, ब्लॅक त्याच्यापेक्षा थोडं सैल आहे आणि लॅपटॉपवर दोन फाईली शेजारी शेजारी उघडल्या तरी नीट दिसतात. कोट नको बदलू म्हणायचं असेल तर स्किप-स्ट्रिंग-नॉर्मलायझेशन ट्रू करा. जोडीदाराचा यासाठी आठवडाभर हट्ट होता, मग विसरला.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, शेवटच्या कॉमाची. यादीत किंवा फंक्शनच्या कंसात शेवटच्या नावानंतर तुम्ही कॉमा ठेवला, जसं `पावती(पार्टी, वजन, दर,)`, तर ब्लॅक ते एका ओळीत मावत असलं तरी उभं करून टाकतं:

```
पावती(
    पार्टी,
    वजन,
    दर,
)
```

कॉमा काढला की परत एका ओळीत. पहिल्यांदा हे बघून मला वाटलं टूल बिघडलं. आता मुद्दाम वापरतो, लांब याद्या असल्या की शेवटी कॉमा टाकायचा, नंतर एखादं नाव वाढलं तर डिफमध्ये तेवढी एकच ओळ दिसते.

आणि जिथं ब्लॅकनं हात लावूच नये असं वाटतं तिथं? आमच्याकडं कास्टिंगच्या दरांचा तक्ता आहे, आकडे एकाखाली एक रांगेत लावलेले, काकापण तो वाचून तपासतात. ब्लॅकनं रांग मोडून टाकली, त्याला तशी सजावट कळत नाही. मग तक्त्याच्या वर `# एफएमटी: ऑफ` आणि खाली `# एफएमटी: ऑन` अशा कमेंट टाकल्या, मधला भाग जसाच्या तसा राहतो. एकाच ओळीपुरतं असेल तर त्या ओळीच्या शेवटी `# एफएमटी: स्किप`. हे जपून वापरा, नाहीतर अर्धी फाईल ऑफमध्येच राहते.

रोज हातानं कमांड कोण देणार, म्हणून एडिटरला जोडा. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनमध्ये ब्लॅक फॉर्मॅटर शोधा, मायक्रोसॉफ्टचं घ्या. मग सेटिंगमध्ये "फॉरमॅट ऑन सेव्ह" वर टिक करा आणि पायथनसाठी डिफॉल्ट फॉर्मॅटर म्हणून तेच निवडा, हे दुसरं केलं नाही तर सेव्ह करून करून बोटं दुखतील आणि काही होणार नाही. एकदाच चालवायचं तर विंडोजवर शिफ्ट-ऑल्ट-एफ, लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-आय. एक्स्टेन्शनबरोबर त्याचं स्वतःचं ब्लॅक येतं, ते वेनव्हमधल्यापेक्षा वेगळ्या व्हर्जनचं असू शकतं, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये इम्पोर्ट स्ट्रॅटेजी "फ्रॉम एन्व्हायरन्मेंट" करून टाका.

व्हर्जनचं एवढं का सांगतोय? कारण आमच्यात एक फाईल पंधरा दिवस पिंगपाँग खेळत होती. मी सेव्ह केली की वरच्या डॉकस्ट्रिंगखाली (फाईलीच्या सुरवातीला तिची माहिती देणारा मजकूर) एक ओळ रिकामी यायची, आणि नंतर तो तीच ओळ "हे काय मध्येच" म्हणून काढून कमिट करायचा, त्याच्याकडचं ब्लॅक गप्प बसायचं. माझ्याकडं 24 होतं, त्याच्याकडं 23, आणि तो नियम 24.1 मध्ये आलेला. ब्लॅकची स्टाईल वर्षातनं एकदाच, वर्षाच्या पहिल्या रिलीजला बदलते, वर्षभर मग तीच राहते. त्यामुळं दोघांनी एकच आकडा धरायचा, आणि वर म्हटलेल्या टॉमल फाईलीत `रिक्वायर्ड-व्हर्जन` मध्ये तो लिहून ठेवायचा, दुसऱ्या व्हर्जनचं ब्लॅक मग चालायलाच नकार देतं. नव्या वर्षात व्हर्जन वाढवलंत तर ते पण वेगळं कमिट.

शेवटचं काम प्री-कमिटचं, म्हणजे कुणी विसरला तरी बिनफॉरमॅटचा कोड आत येऊ नये. `पिप इन्स्टॉल प्री-कमिट` करा, डॉट-प्री-कमिट-कॉन्फिग डॉट यॅमल फाईलीत ब्लॅकच्या रेपोचा (त्याचा कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता आणि व्हर्जन लिहा, मग `प्री-कमिट इन्स्टॉल`. हे शेवटचं प्रत्येक मशीनवर एकदा करायला लागतं, नुसती फाईल आली म्हणून हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी, लागत नाही. पहिल्या कमिटला ते नेटवरनं सामान आणतं, तेव्हा नेट असू द्या. आणि गडबडून जाऊ नका, कमिट करताना ब्लॅकनं काही बदललं की हुक "फेल्ड" दाखवतो आणि कमिट होत नाही. तो काही बिघाड नव्हे. फाईल आता नीट झाली आहे, परत `गिट ॲड` करून परत कमिट करा, दुसऱ्या वेळी पास होतं. जोडीदारानं पहिल्या दिवशी हे फेल्ड बघून सगळंच अनइन्स्टॉल केलं होतं.

पायथन सोडून दुसरं काही लिहीत असाल तर जावास्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएसला प्रिटियर आहे, त्याला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि त्याची ओळ 80 ची. सी आणि सी प्लस प्लसला क्लँग-फॉरमॅट. गो भाषेत तर गोएफएमटी भाषेबरोबरच येतं. पायथनमध्येच रफ नावाचं एक नवीन टूल आहे, रस्टमध्ये लिहिलेलं, 2023 पासनं फॉरमॅटपण करतं आणि निकाल जवळजवळ ब्लॅकसारखाच देतं, लई फास्ट आहे. आमच्या वीस-पंचवीस फाईलींना तेवढ्या घाईची गरज नाही म्हणून आम्ही गेलो नाही. ज्युपिटर नोटबुकवर चालवायचं असेल तर ब्लॅक इन्स्टॉल करतानाच नावापुढं चौकोनी कंसात ज्युपिटर लिहा.

आणि कधी रात्री दहाला काकांचं बिल अडलंय, लाईट जायच्या आत कमिट करून पुश करायचंय आणि हुक ऐकत नाही, तर कमिटच्या कमांडला `डॅश-डॅश-नो-व्हेरिफाय` लावलं की तेवढ्यापुरता हुक बाजूला राहतो. सकाळी उठून मात्र आधी `ब्लॅक डॉट`, वेगळ्या कमिटमध्ये.